पाणी आल्याची हाक

महाळुंग्यात मारुतरावांच्या खोल्यांत नवा भाडेकरू आला, की त्याला आधी दोन गोष्टी कळतात. इथे पाणी बोअरच्या मर्जीने येतं. बोअरला पाणी साचलं की मारुतराव मोटर लावतात आणि ती थोड्याच वेळात धापा टाकू लागते. आणि मारुतराव खाकरले, की पाणी आलं समजायचं. वर टाकी बांधायचं दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी त्या जागेवर आणखी एक खोली निघते, त्याला कोण काय करणार?

खाकरण्याची रीत जुनी. चाळीच्या तोंडाशी आधी खाकरायचं, म्हणजे आतल्या बायामाणसांना कळतं, मग हाक, "पाणी आलंय रं!" ज्याची रात्रपाळी असेल त्याच्या दाराशी मात्र हाक नाही. त्याचा बाहेरचा ड्रम मारुतराव स्वतः पाइप लावून भरायचे आणि झाकण असं ठेवायचे, की मांजरालाही कळू नये. जमिनी कंपन्यांत गेल्यापासून त्यांना एवढंच एक काम उरलं होतं, आणि ते ते मुकादमाच्या थाटात करत.

मग गुडघ्याने संप पुकारला. डॉक्टरांनी चालणं कमी करायला सांगितलं.

सून पूनम घरी बसून एका कंपनीच्या वेबसाइटचं काम करायची. तिने पाण्याचं एक पान बनवलं. भाडेकरूंनी ते फोनवर एकदा उघडायचं. पुढे मारुतरावांनी मोटर लावून बटण दाबलं, की ज्याच्या त्याच्या फोनवर सूचना जाणार.

"आन मी काय करू?"

"तुम्ही खुर्चीत बसून बटण दाबायचं, आबा."

"म्हंजी मी आता दारावरची बेल झालो."

"बेल तर बेल," त्यांच्या पत्नी अंबुबाई आतून म्हणाल्या. "निदान बेलीचा गुडघा तरी दुखत न्हाई."

पहिल्या दिवशी मारुतरावांनी मोटर लावली, बटण दाबलं आणि वाट पाहिली. एकही दार उघडलं नाही. मोटर धापा टाकून थांबली. मारुतरावांना, खरं सांगायचं तर, आतून गुदगुल्या झाल्या.

"बघ! हाक ती हाक!"

तेवढ्यात चाळीतल्या नवनाथची बायको जयमाला आली. कडेवर लेकरू, हातात रिकामी कळशी. "आबा, आज पाणी सोडलंच नाही का हो? लेकराचे कपडे भिजवून बसलेय मी."

गुदगुल्या जागच्या जागी विरल्या.

पूनमने जयमालाचा फोन बघितला आणि कपाळावर हात मारला. पान उघडताक्षणी ते विचारत होतं, सूचना पाठवू का? आणि ज्याला दिवसभर कर्जाची आणि प्लॉटची आमंत्रणं येतात, तो माणूस न वाचताच 'नको' दाबतो. सगळ्या चाळीने तेच केलं होतं.

"मग परत विचार की."

"परत विचारता येत नाही, आबा. एकदा नको म्हटलं, की फोन पुन्हा विचारूच देत नाही. आता ज्याचं त्याने सेटिंगमध्ये जाऊन बदलायचं."

"नकार कळवलेल्या स्थळासारखं," अंबुबाई म्हणाल्या. "तू पन पूनम! उंबऱ्यात पाऊल न्हाई, चहा न्हाई, आन लगीच पोरगी मागितलीस व्हय?"

पूनम हसली. मग हसता हसता थांबली आणि लॅपटॉप उघडून बसली. आता पान आधी सांगायचं, शेवटचं पाणी केव्हा आलं होतं. खाली नम्रपणे एक ओळ: 'पुढचं पाणी आलं की सांगू का?' 'सांगा' दाबलं तरच फोन परवानगी मागणार. शेजारी आणखी एक बटण: 'रात्रपाळी आहे, झोपू द्या.'

ज्यांनी आधीच नकार दिला होता, त्यांच्यासाठी मारुतराव काठी घेऊन उठले. पूनम मागोमाग. प्रत्येक पायरीशी खाकरून ते टेकायचे आणि पूनम फोनमध्ये बदल करून द्यायची. वरच्या मजल्यावरचे खाली उतरून आले.

"तुम्ही म्हणताय म्हणून हो म्हणतोय बरं का, आबा," नवनाथ म्हणाला. "नाहीतर असल्या घंटीवाल्यांना आपण दारात उभं करत नसतो."

"घंटीवाला मीच हाय, राव!"

पुढच्या वेळी बटण दाबलं आणि चाळभर फोन किणकिणले. दारं उघडली, बादल्या वाजल्या. "आलं हो आबा!" जयमालाने नळावरूनच ओरडून सांगितलं. मारुतराव खुर्चीत हसले. हसू ओठांवरच राहिलं. सगळ्यांना कळलं होतं, आणि त्यांच्या हाकेची कुणाला गरज पडली नव्हती.

मग त्यांची नजर सुजित नावाच्या भाडेकरूच्या बंद दारावर गेली. पोरगा रात्रपाळी करून झोपला होता. त्याने 'झोपू द्या' दाबलं होतं. त्याचा फोन गप्प, आणि ड्रम रिकामा.

मारुतरावांनी काठी उचलली.

"आबा, गुडघा!"

"तुझं पान हाक मारतंय, पोरी. ड्रम भरतंय का?"

पूनमने पाइप उचलला आणि त्यांच्या पुढे चालू लागली. मोटरीने दम सोडायच्या आत ड्रम काठोकाठ भरला. तिने झाकण टेकवलं, तर ते किंचित वाजलंच.

"असं न्हाई," मारुतराव पुटपुटले. तिचा हात धरून त्यांनी झाकणाची एक कड आधी टेकवली, मग दुसरी. "असं."

आत सुजित घोरत होता.