कमलाकांत सरांचे बोंबील

कमलाकांत सर अंडंसुद्धा खात नसत. पण निवृत्त झाल्यापासून दर रविवारी ते चिंचणीच्या बाजारातून सुके बोंबील आणायचे आणि आमच्या ओट्यावर ठेवायचे.

"घे गं मंदा. मला वास सहन होत नाही."

"मग आणता कशाला, सर?"

"चुकून घेतले."

दर रविवारी चुकून! कारण मला ठाऊक होतं. ते बोंबील विकणाऱ्या हंसाच्याच वर्गात मी होते.

एक्याऐंशी साल, आमची सातवी. सरांना इंग्रजीतल्या समूहवाचक शब्दांचं भारी वेड. कळप आणि थवा एवढ्यावर भागवणारी माणसं त्यांना दरिद्री वाटत. "सिंहांचा काय? प्राइड!" सर छाती काढून वर्गभर फिरायचे. "घुबडांचं पार्लमेंट! जिराफांचा टॉवर!" मग मान ताणून स्वतःच जिराफ व्हायचे आणि आम्ही बाकं बडवायचो. सगळ्यांत जोरात हंसा. तिची आई येसूबाई शाळेच्या मागेच बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालायची. हंसा सकाळी तिथले कावळे हाकलून मग शाळेत यायची. हाकलताना सरांची यादी घोकायची.

त्या वर्षी तपासणीला साहेब आले. सरांनी ऐटीत हंसाला उभं केलं.

"बोल, कावळ्यांचा समूह?"

"अ मर्डर ऑफ क्रोज!"

"शाब्बास," साहेब म्हणाले. "मर्डर म्हणजे गं?"

"खून." हंसा जरा थांबली. "पन सायब, ते चूक हाय."

वर्ग गार पडला.

"वलांडीवर एक कावला मेला ना, का अख्ख्या गावचे कावले जमतात. बोंबलाला एक चोच लावत नाय. नुसते रडतात नि जातात. त्यांना खुनी कसं म्हनायचं?"

साहेब खदखदून हसले. "कमलाकांतराव, तुमच्या पोरीनं इंग्रजांनाच नापास केलं की!"

ते कौतुकानं म्हणाले होते. सरांना मात्र झोंबलं. साहेबांची जीप फाटकाबाहेर पडली आणि सर हंसाकडे वळले.

"एवढं कावळ्यांचं कळतं ना तुला? मग जा, वलांडीवरच बस. इथे काय काम तुझं?"

हंसानं दप्तर उचललं. "येते, सर," म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ती खिडकीतून दिसली, हातात काठी घेऊन उन्हात बसलेली. सरांनी दोनदा तिकडे पाहिलं. "येईल उद्या," फळ्याला म्हणाल्यासारखं म्हणाले. येसूबाईला कामाला हात हवेच होते. सरांनीच सांगितलंय म्हटल्यावर तिनं दुसरं काही विचारलं नाही. आठवड्यानं सरांनी ती खिडकी लावून घेतली. घुबडं, जिराफही त्यानंतर कधी वर्गात आले नाहीत.

पंच्याण्णवच्या एका रविवारी सरांचे गुडघे धरले होते, म्हणून मी बाजारात सोबत गेले. हंसा टोपलीमागे बसलेली, पदर खोचून.

"या सर. किती देऊ?"

"दे, पावशेर."

"तुमी खात नाय ते सगल्या बाजाराला ठावं हाय," हंसा हसली. "ह्या मंदाच्या घरी जातात ना? ती येती की स्वतः, दोन पायांची हाय. तुमी काय बोलायला येता ते बोला एकदाचं. तीन वर्सं झाली."

सर पिशवीच्या बंदाला गाठी मारत राहिले.

"हंसा, त्या दिवशी... तुझं बरोबर होतं."

"मला ठावं होतं, सर. तुमाला कवा कललं?"

सरांनी बंदाची एक गाठ सोडवली.

"दुसऱ्याच दिवशी."

हंसाचे हात टोपलीतच थांबले. तिनं सरांकडे पाहिलं. रागानं नव्हे, हिशेब न जुळणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं.

"मी तिथंच तर बसले होते, सर," ती म्हणाली. "खिडकीतून हाक मारली असती तरी आयकू आलं असतं."

मग ती मागच्या गिऱ्हाइकाकडे वळली. "बोला काकू, किती देऊ?"