बिनवासाची व्हायोलेट

मी इंग्लंडला निघाले तेव्हा कल्याणजवळच्या मोहने गावातल्या आमच्या घरासमोर रिक्षा उभी होती आणि आई माझ्या बॅगेचं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघत होती. "विमानात कुणी काही सांभाळायला दिलं तर हात लावू नकोस. विश्वास पानिपतात गेला!" रडली मात्र नाही. रिक्षा वळल्यावर रडणार, हे मला तेव्हाच कळलेलं.

तुम्ही जे कल्याण-शहाडला राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून गेलात, तुम्हाला रेयॉनच्या कंपनीचा तो सडक्या अंड्यांसारखा वास आठवत असेल. पाहुणे शहाडला उतरले की नाकाला रुमाल लावायचे, आणि आपण विचारायचो, "कसला वास?"

इथे घरामागे हातभर बाग मिळाली. शेजारच्या म्हातारीने तीत लावायला व्हायोलेटची रोपं दिली. फुकट! म्हटलं, यात काहीतरी गोम आहे. हिवाळा सरताना पानांखाली इवलीशी जांभळी फुलं आली. गुडघे टेकून वास घेतला, इतका गोड की बस्स. लगेच पुन्हा घेतला तर काहीच नाही. फसवलं बाईने! जाऊन जाब विचारला तर ती हसत सुटली. या फुलांनी नाकच थोडा वेळ बधिर होतं म्हणे. जरा थांबायचं, वास परत येतो. मी स्वतः करून बघितलं, तेव्हा कुठे पटलं. कुंपणापलीकडची रानटी जात दिसायला तशीच पण बिनवासाची, हेही तिनेच दाखवलं.

या वर्षी आई आपल्या देवांसकट थोडे महिने राहायला आली. बाबा गेल्यापासून मोहन्यात ती एकटीच असते. व्हायोलेट बघून म्हणाली, "अगं, हा तर काढ्यातला बनफशा!" मग रोज ती फुलं देवाला जाऊ लागली.

एका सकाळी मी बागेतून आत आले तर घरभर करपलेल्या दुधाचा वास, आणि ही शेगडीच्या शेजारी बसून शांतपणे मेथी निवडतेय.

"आई, दूध!"

"अगोबाई, लक्षच नव्हतं."

लक्ष नव्हतं? हिचं? शेजाऱ्यांकडे काय शिजतंय हे ओट्यावरून सांगणारी बाई ही! शंकेची पाल चुकचुकली. हिला वास येत नसेल, तर मोहन्यात सिलिंडर गळला तरी कळायचं नाही.

मी ओंजळभर व्हायोलेट तिच्या नाकाशी नेली. ती मागे सरली. "देवाच्या फुलांचा वास घेतात का? उष्टी होतात." कशी निसटली बघा!

"ही देवाची नाहीत. तुझी आहेत."

मग घेतला. "छान आहे हो." पाठोपाठ मी घेतला तर मला काहीच येईना. मघाशी तोडताना हुंगलेली ना! आता माझं नाक दमलंय की ही थापा मारतेय?

दुसऱ्या दिवशी मी कुंपणापलीकडची फुलं आणली. आईने डोळे मिटून ती खोल हुंगली. "वा! कालच्यापेक्षा गोड."

"आई, या फुलांना वासच नसतो."

तिने फुलं खाली ठेवली. "करोनात गेला गं," म्हणाली. "परत आलाच नाही."

मी भडकले. माझ्याशी एवढी लपवाछपवी? "मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर घराला कुलूप लावून मला इथे आणलं असतंस. मग माहेरी कुणाकडे आली असतीस तू?"

मला रडूच फुटलं. तिचं परतीचं तिकीट मी रद्द केलं नाही. मोहन्यातला गॅस काढून इंडक्शन बसवून घेतलं. विस्तवाशिवाय भाकरी फुगत नाही, म्हणून फोनवर रोज बोलणी खाते. तिने फोन उचलायला उशीर केला की जीव खालीवर होतो, आणि ती "सगळं ठीक आहे" म्हणाली तरी माझा विश्वास बसत नाही.

तुझं घर कुठे, असं इथे कुणी विचारलं तर मी अजून मोहने म्हणते. ती तिथे आहे तोवर.