घरचे बेदाणे

आमच्या थोरल्या साडूंइतका चिडका माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात नाही, आणि असलाच तर तो नक्की साडूंवरच चिडलेला असणार. निफाडजवळ त्यांची द्राक्षाची बाग आहे. इतर पाहुणे दारात आले की पाणी मागतात; हे चपला काढल्या न काढल्या की आमच्या स्वयंपाकघरात शिरतात, सिंकखालचं कपाट उघडतात आणि ओरडायला लागतात. "फिनेल खाली? उंदराचं औषध खाली? साडूभाऊ, घरात मुकं जनावर हाय का नाय?" मग बाटल्या माळ्यावर जातात, साड्यांतल्या डांबराच्या गोळ्या बरणीत बंद होतात. एकदा माझी तापाची गोळी पलंगाखाली घरंगळली, तर मला पालथं झोपवून ती शोधायला लावली. ताप मला, शिव्याही मलाच. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका दुकानदाराने फवारणीचं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत सुटं ओतून दिलं, तेव्हा हे असे कडाडले की रिक्षावाले भाडं सोडून बघायला थांबले.

त्यांना स्वतःची बीपीची गोळी आठवत नाही, पण ओळखीतल्या प्रत्येक कुत्र्याचं वजन पाठ असतं. आमच्याकडे आले की आधी एकटे काट्यावर उभे राहतात, मग आमच्या बिट्टूला उचलून घेऊन, आणि वजाबाकी करून आकडा कॅलेंडरवर लिहितात. "डाक्टर पयलं वजनच इचारतो. तवा काय सांगणार, मांजरापेक्षा मोठं हाय म्हणून?" त्यांचं म्हणणं बरोबर असायचं, म्हणूनच मला जास्त राग यायचा. माझ्याच घरात, माझ्याच कुत्र्यावरून, मी कायम नापास.

या सगळ्याचं मूळ सरदार. हा त्यांचा कुत्रा, बागेचा राखणदार. सात वर्षांपूर्वी ऐन द्राक्षाच्या हंगामात त्याला उलट्या सुरू झाल्या, लघवी बंद झाली आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. साडूंनी निकाल तिथल्या तिथे लावला: बांधाशेजारच्याने विष घातलं. हा शेजारी त्यांच्याच शाळेतला, एका विहिरीचं पाणी दोघांच्या बागेला. पण त्या महिन्यात बांधावरून दोघांची वादावादी झाली होती, आणि साडूंना तेवढा पुरावा पुरला. बोलणं बंद, लग्नाकार्याला जाणं बंद. "त्याची आई गेली, मी खांदा दिला नाय," हे ते छाती काढून सांगत. मला ते ऐकून संताप यायचा. एका मेलेल्या म्हातारीने यांचं काय घोडं मारलं होतं? पण त्या आवाजापुढे मीही गप्पच बसलो, हे कबूल करायला हवं.

गेल्या उन्हाळ्यात ते घरचे बेदाणे घेऊन आले. ताट टीपॉयवर ठेवलं आणि आम्ही गप्पांत असताना बिट्टूने चांगले पसाभर फस्त केले. मी त्याच्यावर ओरडलो. साडू मात्र चक्क हसले. "खाऊ द्या ना. घरचा माल हाय. आमचा सरदार तर घडच्या घड खायचा."

संध्याकाळी बिट्टू ओकायला लागला. शेजारच्या काकू मीठपाणी घेऊन धावल्या, समोरचे आजोबा ताक घेऊन. साडूंनी दोघांच्या हातातले पेले काढून घेतले. "कोणी काय पाजायचं नाय! मिठानं अजून मरंल ते. उलटी काढायची का नाय, डाक्टर ठरवील." मग घरभर तपास झाला. फिनेल माळ्यावर, औषध माळ्यावर, गोळ्या बरणीत. "मग कोणी घातलं?" असं म्हणून त्यांनी बिचाऱ्या काकूंकडेच डोळे वटारले.

दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी वजन विचारलं. "अकरा किलो चारशे," साडू म्हणाले. काय खाल्लं, किती, किती वाजता? मी म्हणालो, काही नाही हो, दुपारी थोडे बेदाणे. मॅडमचा चेहरा बदलला. सलाईन लावायला सांगून त्या म्हणाल्या, "द्राक्षं, बेदाणे कुत्र्यांना विषारी असतात. किडन्या बंद पडतात."

साडू पेटले. "मॅडम, तीन पिढ्या द्राक्ष पिकवतोय आम्ही! तान्ही लेकरं खातात, आजारी माणसं खातात!"

"माणसं खातात. कुत्र्यांचं वेगळं असतं. एखाद्याला काही होत नाही, एखादा मूठभर खाऊन जातो. आधी सांगता येत नाही. उलट्या होतात, मग लघवी थांबते."

साडू बाकावर टेकले. मग त्यांनी विचारलं, "आन् दर वर्षी खात असला, त्याला कधी काय झालं नसलं, तरी?"

"तरीही."

दोन दिवस बिट्टू सलाईनवर होता आणि साडू बाकावर. ना नर्सवर ओरडले, ना माझ्यावर. तिसऱ्या दिवशी रक्ताचे रिपोर्ट नीट आले आणि बिट्टूने दवाखान्याच्या कुंडीवर तंगडी वर केली. मला रडूच फुटलं. बिट्टूला घरी सोडलं, तेव्हा साडू म्हणाले, "गाडी काढा. निफाडला जायचं."

स्वतःच्या घरावरून त्यांनी गाडी पुढे घ्यायला लावली, थेट त्या शेजाऱ्याच्या अंगणात. तो क्रेट धूत बसला होता. साडू उभ्या उभ्या ओरडले, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात बोलायची त्यांना सवयच नाही. "तू नाय घातलं! मीच घातलं! माझ्या हातानं चारली त्याला द्राक्षं!"

शेजारी उठून उभा राहिला. त्याने सात वर्षांचं व्याजासकट सुनावावं, असं मला मनापासून वाटत होतं. मी असतो तर सोडलं नसतं. त्याने एक क्रेट पालथा घातला आणि म्हणाला, "बस." मग आत चहा सांगितला.

निघाल्यावर गाडी तिथेच ठेवून आम्ही बांधावरून चालत साडूंच्या घरी आलो. मला राहवलं नाही. मी विचारलं, "इतक्या वर्षांत तो एकदाही म्हणाला नाही, की मी विष घातलं नाही म्हणून?"

साडू इतकं हळू बोलले की मला थांबून ऐकावं लागलं.

"म्हणला ना. सरदारला पुरत व्हतो, तवा फावडं घेऊन आला व्हता मदतीला. तवाच म्हणला. मी ऐकलं नाय."