वणव्याची दुपार आणि माझ्या सासूबाई

ज्या बाईला जळत्या गोठ्याच्या दारातून ओढून आणलं, तिला साध्या तापाने नेलं.

सुमन आई. माझ्या सासूबाई.

आज त्यांचा जलदान विधी झाला. माणसं जेवून गेली. माझा नवरा सुनील मंडपवाल्याशी बोलतोय आणि मी पडवीत बसून हे टाईप करतेय.

आमचं घर लोटे गावाच्या वरच्या अंगाला, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या माळाच्या कडेला. सुनील कंपनीत शिफ्टला. घरात आई, मी, माझी लेक आर्या आणि आईंच्या दुधाच्या शेळ्या.

आईंच्या हातून काही वाया जात नसे. तांदळाचं धुवण शेळ्यांना. फणसाची सालं शेळ्यांना. लेंड्या नारळाच्या आळ्यात. साडी विरली की फाडून, पीळ देऊन तिची दावी.

मी मुंबईत वाढलेली. मला खेडमध्ये फ्लॅट हवा होता. त्यावरून आमचं वाजायचं.

"शेळ्या विकून टाका ना, आई. किती दिवस हे लेंड्या काढत बसायचं?"

"तुला नको तर तू काढू नको. मी काढतंय ना?"

विषय तिथेच संपायचा.

वणवा आला त्या वर्षी आर्या अजून कडेवर होती. मार्च होता. दुपारी सड्यावर धूर दिसला. कोणी पेटवलं, ते कधीच कळलं नाही. आधी वाटलं, लांब आहे.

भांडी घासून होईपर्यंत आवाज यायला लागला.

वणव्याला आवाज असतो हे मला तेव्हा कळलं. कोणीतरी वाळके बांबू मोडत पुढे येतंय, तसा.

आईंनी आर्याला उचललं आणि माझ्याकडे दिलं.

"रस्त्यावर जा. डांबरावर उभी ऱ्हा."

"तुम्ही पण चला."

"त्या बांधलेल्या हायत गो."

एवढंच बोलल्या आणि कोयती घेऊन मागे गेल्या.

घराभोवतीचा पाला आई रोज झाडून न्यायच्या, शेळ्यांखाली अंथरायला. म्हणून घरापाशी आगीला खायला काही मिळालं नाही. पण गोठ्याला लागून गवताची उडवी होती. पावसाळ्यासाठी काडी काडी करून त्यांनीच रचलेली.

ठिणगी नेमकी तिच्यावर पडली.

मी रस्त्यावरून बघत होते. आधी उडवी दिसेना. मग गोठा दिसेना.

आई, आई म्हणून हाका मारल्या. उत्तर नाही.

सुनीलला फोन लावला. शिफ्टमध्ये फोन लॉकरमध्ये असतो, हे माहीत असूनही लावत राहिले.

शेजारच्या पार्वतीकाकू धावत आल्या. आर्याला त्यांच्याकडे दिलं आणि मी पळाले.

धुरातून शेळ्या येत होत्या. गळ्यात दाव्यांचे कापलेले तुकडे. दोन शेळ्या तर वळून परत गोठ्याकडेच निघाल्या. घाबरल्यावर त्यांना तेच घर माहीत. मी लाथा मारून त्यांना पिटाळलं.

आई दारात दिसल्या. पदर तोंडाला, उजवा हात भाजलेला. आणि त्या मागे वळल्या.

"चांदी ऱ्हायली."

चांदी गाभण होती. तिला आतल्या कोपऱ्यात बांधायच्या, इतर शेळ्यांची धडक बसू नये म्हणून.

वरचे वासे पेटले होते.

मी त्यांचं मनगट धरलं.

"नाही जायचं."

"सोड."

"नाही सोडणार."

"पोटात पिलं हायत गो तिच्या. सोड मला."

मी फक्त ओढलं. त्या माझ्यापेक्षा ताकदीच्या. त्यांनी हिसका दिला तशा आम्ही दोघीही खाली पडलो.

आणि छप्पर बसलं.

आतून एकदाच आवाज आला. तो इथे लिहीत नाही.

मग वाडीतली माणसं आली. हिरव्या फांद्यांनी झोडपून झोडपून आग विझवली. घर वाचलं. आई अंगणात बसून होत्या. रडल्या नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही.

मला वाटलं, ही बाई आता माझ्याशी जन्मात बोलणार नाही.

सुनील संध्याकाळी आला. आईंचा हात बघितला, गोठ्याची राख बघितली, आणि आईंशेजारी बसला.

आई त्याला म्हणाल्या, "उरलेल्या विकून टाक."

हेच वाक्य ऐकायला मी किती भांडले होते. पण त्यांचा तो आवाज ऐकवेना. आंब्याखाली बांधलेल्या शेळ्या ओरडत होत्या. दूध काढायची वेळ टळून गेली होती, कास तटतटलेली.

मी म्हटलं, "आधी दूध काढू. मग काय ते बघू."

"काढणार कोण? माझा हात बघ."

"मी काढते. तुम्ही सांगा."

कधी हात लावला नव्हता मी शेळीला. पहिलीने लाथ मारून भांडं पाडलं. आई जराशा पुढे सरकल्या.

"वढू नको. मूठ मिट, वरून खाली. हां. तशी."

थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "तू धरलं नसतंस तर मी गेलंच असतं आत."

मी दूध काढत राहिले.

विकण्याचा विषय पुन्हा कोणीच काढला नाही. पावसाआधी नवा गोठा उभा राहिला. ह्या वेळी उडवी लांब, विहिरीपलीकडे रचली. ती जागा आईंनीच दाखवली.

त्यानंतरची वर्षं आमची बरी गेली. भांडलो नाही असं नाही. चहात साखर किती, ह्यावरून शेवटपर्यंत भांडलो.

गेल्या आठवड्यात ताप आला. अंगावर काढला. दवाखान्यात ऍडमिट केलं तेव्हा उशीर झाला होता.

शेवटच्या संध्याकाळी डोळे उघडून त्यांनी विचारलं, "शेळ्यांना पाला कोणी घातला?"

"मी घालून आलेय."

"मग बरं."

त्यानंतर बोलल्या नाहीत.

विधीला लांबून लांबून माणसं आली. सगळ्यांचे आभार. एकेकाला फोन करणं आज जमणार नाही, समजून घ्या.

आई, तुमच्या सुनेचा तुम्हाला शेवटचा जय भीम.