डोळे मिटून बांधलेली चिमण्यांची घरं

गवंडीकाकांनी बांधलेल्या भिंतीत पस्तीस वर्षांत मुंगीलाही वाट सापडली नव्हती. काम सुटल्यावर हात शिवशिवायला लागले, म्हणून त्यांनी स्वतःच्या घराची मागची भिंत धरली आणि जुनी भोकं एकूण एक बुजवली. चिमण्या आठवडाभर कलकलाट करून निघून गेल्या. काका म्हणाले, काम फत्ते.

महिन्याभरात गच्चीवरचे टोमॅटो अळ्यांनी भरले. काकूंनी काकांपुढे डबा आदळला.

"इतके दिवस चिमण्या अळ्या वेचायच्या. त्यांची घरं तुम्ही लिंपलीत. आता तुम्हीच वेचा."

"कधीपर्यंत?"

"त्या परत येईपर्यंत. नाहीतर पुढच्या जन्मापर्यंत."

रोज सकाळी काका चष्मा लावून उकिडवे बसत. दोन तासांत अर्धा डबा भरे आणि कंबर बोलायला लागे. हेच काम चिमण्या हाताशिवाय, चष्म्याशिवाय करत होत्या. असल्या कामगारांना आपण बेघर केलं, याची काकांना खरीच लाज वाटली.

त्यांनी भिंतीत सहा घरं पाडली. सगळी एका ओळीत, ओळंब्यात, आतून गिलावा आरशासारखा. दोन चिमण्या आल्या, आत शिरल्या आणि घसरत बाहेर आल्या.

"दादा, घरं बांधलीत की घसरगुंड्या?" खालून साडू ओरडला. तोही गवंडीच.

खडबडीत करायला हवं, हे काकांना कळलं. पण उजव्या हाताला वाईट काम येईना. थापी आपसूक गुळगुळीत फिरे. शेवटी त्यांनी ती डाव्या हातात घेतली आणि सगळी घरं फोडून पुन्हा लिंपायला घेतली.

"डोळेही मिटा," काकू म्हणाल्या. त्यांनी शिडी धरली होती आणि त्या हसत होत्या, त्यामुळे शिडीही हलत होती.

एक घर तिरकं झालं, एक फुगलं, एकाचं तोंड शेजाऱ्यांकडे वळलं. तीन दिवस काकांना घास गोड लागला नाही.

चौथ्या दिवशी साडू पुन्हा आला. वर बघून म्हणाला, "हे कुठल्या गाढवाचं काम?"

काकांच्या डोक्यात तिडीक गेली. थापी उजव्या हातात घेऊन ते तरातरा शिडी चढले. तिरक्या घराशी पोचले, तर आतून चिमणीनं डोकं काढलं. चोचीत काडी. तिनं काकांकडे असं बघितलं, की ते मुकाट खाली उतरले.

"काय हो, दुरुस्त नाही केलंत?" साडूनं विचारलं.

"माझं काम आहे ते. हात लावायचा नाही. आत कामगार आलेत."

काकूंनी डबा पुढे केला. "अळ्या त्या वेचतात पिल्लांसाठी. पिल्लं होईपर्यंत तुमचीच पाळी."

काका चष्मा शोधायला गेले.