आठ वॅट, वीस क्विंटल

आवाज ऊबदार असतो, हे मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हते. ऊबदार म्हणजे स्वेटर, ऊबदार म्हणजे पौषातल्या सकाळच्या उन्हातली भिंत. पण व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर घरात आला की माणसाची भाषा बिघडते. "या स्पीकरचा मध्य जरा थंड आहे," असे मी चारचौघांत म्हणू लागलो. चौघे मान डोलवत. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो, आणि शिकवणाऱ्यापुढे मान डोलवायची आपल्याकडे सवय आहे.

तो अॅम्प्लिफायर एका म्हाताऱ्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने हाताने बांधलेला. लोखंडी पत्र्यावर चार काचेच्या नळ्या, चालू केला की नारिंगी पेटणाऱ्या. शक्ती आठ वॅट. भंगार गोळा करणाऱ्याच्या हातगाडीवरचा भोंगा याच्यापेक्षा जोरात ओरडतो. एवढ्या अशक्त यंत्राला स्पीकरही थोडक्यात भागवणारा लागतो. त्याला हल्लीचा दणकट, खादाड स्पीकर जोडला तर तो तोंडच उघडत नाही.

बायकोने त्या नळ्यांवर हात धरून पाहिला.

"याच्यावर चहा होते का?"

"नाही."

"मंग तापते कायले?"

पुढच्या रविवारी यंत्र गावी, दादाकडे गेले.

दादा माझा मोठा भाऊ. समुद्रपूरच्या अलीकडे आमचे गाव, तिथली शेती तोच पाहतो. त्याने दोन वर्षांपूर्वी नवे घर बांधले आणि त्यात एक हॉल काढला. चकचकीत फरशी, कोऱ्या भिंती, एक दिवाण, बस. "तुह्या पेटीले जागाच जागा हाय," दादा म्हणाला. मी बारावीला तालुक्यात पहिला आलो तेव्हापासून त्याचा माझ्या शब्दावर विश्वास. बैलजोडी घ्यायची, बोअर मारायचे, मोबाइल कोणता घ्यायचा, काहीही असो, "थांब, धाकट्याले इचारतो." बोअर मी दाखवलेल्या जागी मारले. पाणी लागले नाही. विश्वास काही आटला नाही.

राहिले स्पीकर. मी दोन जोड्या आणल्या. एक पुलगावची: तिथल्या लष्करी डेपोतून निवृत्त होऊन मुलाकडे राहायला निघालेल्या एका गृहस्थाची. धान्याच्या कोठ्यांसारखे लाकडी खोके, आत परातीएवढे कागदी कोन. दुसरी नागपूरच्या दुकानातली, ऐकून पाहायला म्हणून आणलेली. वर पितळी रंगाचे भोंग्यासारखे तोंड, खाली पॉलिश. दुकानातला पोरगा म्हणाला होता, "सर, ही जोडी खूप म्युझिकल आहे." मग बाकीच्या काय, शेतकी? पण हे मला आज सुचते आहे. त्या दिवशी मी गंभीर चेहऱ्याने "हं" म्हणालो.

ऐकण्याचा दिवस ठरला तेव्हा वेचणी जोरात होती आणि नव्या हॉलमध्ये वीस क्विंटल कापूस पडला होता. खिडकीच्या चौकटीपर्यंत पांढरा ढीग. एका भिंतीशी स्पीकर, बाकी तिन्ही बाजूंनी कापूस, मधे प्लास्टिकच्या खुर्चीवर मी, मांडीवर वही. होय, वही. मी ठुमरीची तबकडी लावली आणि डोळे मिटले. पुलगावच्या जोडीपुढे लिहिले: 'बसका. झोपाळू. वरचे स्वर घोंगडीखाली.' नागपूरच्या जोडीपुढे लिहिले: 'मोकळा पण बोचत नाही. गोड. ऊबदार.' खाली दोन रेघा मारल्या. एका रेघेत माझे समाधान झाले नसते.

दादा ढिगाला टेकून ऐकत होता. भुवयांवर कापसाचे तंतू.

"कसा वाटला?" मी विचारले.

"तू म्हणतं तसाच."

पुलगावची जोडी मी मागच्या खोलीत कांद्याशेजारी लोटली, नागपूरची विकत घेतली आणि साडूला फोन केला.

माझा साडू नागपूरला राहतो. त्याच्या घरी काळे, उंच, अरुंद स्पीकर आहेत, दाराच्या दोन्ही बाजूंना सुरक्षारक्षक उभे करावेत तसे. तो गाणे ऐकत नाही, पाहुण्यांच्या पोटात धडधड होते का ते बघतो. माझ्या यंत्राचे ऐकून तो म्हणाला होता, "साडूभाऊ, बल्ब विकत घेतले अन् त्याच्यावर गाणं फुकट भेटलं, है ना?" तेव्हापासून मला झोप नव्हती. आता मी म्हणालो, "या एकदा गावाकडे, कान धुऊन जा. आणि पुलगावचे दोन खोके पडलेत, ते घेऊन जा. तुमच्या कानाला चालतील."

"येतो ना. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी."

इथे वहिनीचा प्रश्न आला. घरातल्या कापसाने तिच्या अंगाला खाज सुटली होती, कोपरापासून मानेपर्यंत लाल चट्टे. शिवाय पुतणीला पाहायला पाहुणे यायचे होते. "भाऊजी, तुमीच सांगा यायले," ती दादाकडे बोट करत म्हणाली. "पोरीले पाहाले लोक येऊन राह्यले, अन् त्यायले बसवू कुठी? ढिगावर?"

दादा माझ्याकडे वळला. "तू काय म्हणतं? इकू का थांबू?"

कापसाच्या भावातले मला तेवढेच कळते जेवढे साडूला ठुमरीतले. माझ्या डोक्यात एकच होते: ट्रॅक्टर दाराशी लागणार, चार माणसे हॉलमधून ये-जा करणार, वायरी तुडवणार, मी इंच मोजून ठेवलेले स्पीकर हलवणार, आणि साडू येईल तेव्हा सगळे विस्कटलेले असणार. मी गळा साफ केला. धडा न वाचता वर्गावर गेलो की मी जो आवाज काढतो, त्या आवाजात म्हणालो, "थांब दादा. पंधरा दिवसांत भाव चढेल."

"ऐकलं?" दादा वहिनीला म्हणाला. "थो शिकेल माणूस हाय."

वहिनी मनगट खाजवत आत गेली.

भाव चढला नाही, उतरलाही नाही. माझ्या सल्ल्याची बाजाराने दखलसुद्धा घेतली नाही. बाराव्या दिवशी, शुक्रवारी, वहिनीनेच ट्रॅक्टर बोलावला, ढीग ट्रॉलीत भरायला लावला, दादाला वर बसवून जिनिंगच्या कारखान्यात पाठवला आणि हॉल दोनदा धुऊन काढला. मला फोनवर कळले तेव्हा मी फक्त एवढेच विचारले, "स्पीकर हलवले काय?"

"तुमच्या स्पीकरले हात कोन लावते?"

रविवारी साडू आला. दादाने आधीच दोन शेजारी बोलावून ठेवले होते. "आमच्या धाकट्यानं निवडेल हायेत," तो प्रत्येकाला सांगत होता. मी नळ्या तापू दिल्या, त्या तापेपर्यंत ऊब या विषयावर बोललो, आणि तबकडीवर सुई ठेवली.

बाई गायला लागली आणि मला वाटले तिच्यामागे कुणी भांडी घासते आहे. तबला फरशीवर आपटून भिंतीवर जात होता, भिंतीवरून छतावर. प्रत्येक तान चमच्याने ताट खरवडावे तशी. साडूने भुवया वर केल्या.

"सुई खराब झाली असेल," मी म्हणालो. सुई पुसली. वायर तपासली. नळ्या काढून लावल्या, बोट भाजून घेतले. भांडी घासणे चालूच.

"चांगलं हाय," दादा म्हणाला. "फक्त जराशीक... गिलास पडल्यावानी."

"जाऊ द्या," साडू म्हणाला. "मी माझे खोके नेतो. चालू तरी आहेत का बघू." त्याने पुलगावची जोडी कांद्याजवळून ओढून आणली, कोनावरची सालपटे झटकली आणि वायरी जोडल्या. बाई पुन्हा गायला लागली. भांडी थांबली. ती आता जणू दिवाणावर बसून गात होती, दमलेली, जवळची. शेजारी पुढे सरकून बसले.

सगळे माझ्याकडे पाहत होते. वहिनी चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

"भाऊजी, तुमचा गोडवा त परवाच ट्रालीत बसून गेला," ती म्हणाली. "फरशी पुसता पुसता मी बोलली, त माहा आवाज मलेच परत आला. कापूस होता तवा येत नव्हता."

मी टाळी वाजवली. टाळी तीनदा परत आली. चोवीस वर्षे मी दर साली पोरांना हेच सांगत आलो: मऊ वस्तू आवाज शोषतात, उघड्या भिंती परतवतात. परीक्षेत चार गुणांना येते. पुलगावची जोडी झोपाळू नव्हतीच, तिचा आवाज कापूस पीत होता. आणि मी वीस क्विंटल कापसाच्या कुशीत बसून, डोळे मिटून, स्पीकरला गोड म्हणून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

दादा मात्र टाळीकडे पाहत नव्हता. त्याच्या कपाळावर आठी होती.

"म्हंजे तू थांब म्हने, थे भावासाठी नव्हतं?"

शेजारी होते. साडू होता. खोटे बोलायला जागा भरपूर होती.

"नाही," मी म्हणालो. "भावातलं मले काही समजत नाई. साडू येईपर्यंत स्पीकर हलू नये, म्हणून म्हटलं."

"काऊन बे?" दादा म्हणाला. रागाने नाही, खरेच कळत नसल्यासारखा. मग वहिनीच्या मनगटाकडे पाहिले आणि चहाचा कप उचलला. तो घेऊन शेजाऱ्यांजवळ जाऊन बसला. साडूने खोके डिकीत घातले आणि मोठ्या मनाने माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून कुठे ठेवावी हे समजलेले नाही.

पाहुणे येऊन गेले, हॉल त्यांना आवडला. पुतणीचे जमले. लग्नाची तारीख दादाने मला कळवली. विचारली नाही.

या हंगामात कापूस पुन्हा हॉलमध्ये पडला. फोन वहिनीचा आला.

"भाऊजी, ढीग लागला. या ऐकाले, आता गोड वाजन."

"दादा काही म्हणाला?"

"म्हने, धाकट्याले बलाव." मागे दादाचा आवाज ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते. "पन चार दिवसांत या. इकाचं कधी थे आता मीच सांगीन यायले."

शनिवारच्या बसने गेलो. सोबत वही नेली नाही. वहिनीसाठी खाजेचे मलम नेले.