नोंदीत नाव माझं होतं

मालकांच्या केबिनमध्ये सहा खुर्च्या होत्या. एकीवर मालक, एकीवर सर. चार रिकाम्या. मला उभं ठेवलं होतं.

टेबलावर एक कागद होता. माफीनामा. इंग्रजीत टाइप केलेला, खाली माझं नाव, सहीपुरती जागा सोडलेली.

"कॉन्व्हेंटची आहेस ना," मालक म्हणाले. "मोठ्यानं वाच. आम्हालाही ऐकू दे."

मी वाचलं. माझा आवाज मुळातच लहान. कापसाच्या गाठींच्या ओलाव्याचे आकडे मी माझ्या लॉगिनमधून बदलले, जबाबदार मीच, असं त्यात होतं. वाचून झालं तेव्हा सर खिडकीबाहेर बघत होते.

आकडे मी बदलले नव्हते. कोणी बदलले, ते त्या खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं.

सिंदीजवळच्या या जिनिंग-प्रेसिंगमध्ये, कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, मी तीन वर्षं कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळते. सर इथले मॅनेजर. मला त्यांनीच घेतलं. मुलाखतीत पूर्ण नाव विचारलं, आडनाव ऐकून "अच्छा" म्हणाले, आणि तरी घेतलं. ते 'तरी' मी तीन वर्षं उपकार समजून वाहिलं.

मी आले तेव्हा सगळं ऑफिस एकाच पासवर्डवर चालायचं. सरांच्या. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली तो चिठ्ठीवर लिहिलेला असायचा. वजनकाट्यावरचा माणूस यायचा, गोदामातला यायचा, चिठ्ठी वाचून हवं ते उघडायचा. मग कापूस घेणाऱ्या मोठ्या कंपनीनं अट घातली. कोणी काय बघायचं आणि काय बदलायचं, हे ज्याच्या-त्याच्या कामावरून ठरलं पाहिजे. ते माझ्याकडे आलं. वही घेऊन मी प्रत्येक खात्यात गेले. तुमचं काम काय, एवढंच विचारत. लॅबनं ओलावा मोजून आकडा भरायचा. गोदामानं तो फक्त बघायचा. सरांनीही फक्त बघायचा. कोण कोणाचा पुतण्या, कोण कोणत्या मोहल्ल्यातला, यासाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता. हक्क माणसाला नाही, कामाला. आडनाव न विचारणारी जागा मी पहिल्यांदाच बघत होते, आणि ती मीच बांधली होती.

लॅबमधल्या बेबीताई आकडे आधी स्वतःच्या वहीत लिहायच्या, मग कॉम्प्युटरवर भरायच्या. त्यांनी विचारलं, "म्हंजे आता माह्या आकड्याले कोनी हात नाई लावू शकत?"

"नाही."

"मंग बरं हाय बाई. पहिले लय लावत होते."

कोण, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

काचेखालची चिठ्ठी मी स्वतः काढली. सर हसले. "बेटा, तू तर मलाच कुलूप लावलंस."

'पासवर्ड कोणालाही सांगू नका' असा कागद मी प्रत्येक खात्याच्या भिंतीवर चिकटवला. आणि मीच सांगितला.

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मी रजेवर होते, वर्ध्याला दवाखान्याच्या बाकावर. सरांचा फोन आला. "बेटा, अर्जंट आहे. तुझा पासवर्ड सांग. मी काय परका आहे?"

मी सांगितला. त्यांना नाही म्हणायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती.

हक्क देणं-काढणं माझ्याच लॉगिनमधून व्हायचं. त्यांनी त्यालाच लॅबचा हक्क जोडला, कंपनीनं ओल्या गाठी नाकारू नयेत म्हणून त्यांचे आकडे खाली आणले आणि हक्क परत काढून टाकला. दोन आठवड्यांनी कापूस कंपनीचा ऑडिटर आला. त्यानं बेबीताईंची वही मागितली. आकडे जुळेनात. कोणी बदलले ते शोधलं, तर कॉम्प्युटरच्या नोंदीत नाव माझं.

म्हणून ही केबिन. म्हणून हा कागद.

"त्या दिवशी मी रजेवर होते," मी म्हणाले. "नोंद सरांच्या टेबलावरच्या मशीनची आहे."

"मशीन सोड," मालक म्हणाले. "नाव कोणाचं?"

तेव्हा सर बोलले. माझ्याशी नाही, मालकांशी. आवाज नेहमीसारखाच मऊ.

"माझंच चुकलं. ह्या लोकांच्या हातात एकदा किल्ली दिली की असंच होतं."

तीन वर्षं बेटा. आज ह्या लोकांच्या.

"कुठल्या लोकांच्या, सर?"

मालकांनी पेन माझ्याकडे सरकवलं. मी घेतलं. टाइप केलेल्या मजकुरावर आडवी रेघ मारली. खाली मराठीत लिहिलं. पासवर्ड सांगितला, ही माझी चूक. आकडे मी बदलले नाहीत. त्या दिवशी मी रजेवर होते. कोणत्या मशीनवरून बदलले, ते नोंदीत आहे. सही केली. आडनाव पूर्ण लिहिलं. मोबाइलवर कागदाचा फोटो काढला आणि बाहेर आले.

हिंगणीला घरी सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "माफी लिहून देली असती तं काय बिघडलं असतं? नोकरी तं राह्यली असती."

"मंग मले इंग्रजी शाळेत काऊन टाकलं होतं, बाबा?"

ते डोळ्यावरचा काळा चष्मा नीट करत राहिले.

दुसऱ्या दिवशी गेटवरच्या मशीनला हजेरीचं कार्ड लावलं. लाल दिवा. चौकीदार माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, मशीन नाई म्हणून राह्यली. मी काय करू?"

त्याला काही करायचं नव्हतं. मला होतं.

माझे सगळे हक्क त्यांनी काढले. पण नोंदी मी अशा बांधल्या आहेत की वाचता येतात, पुसता येत नाहीत. मालकांना नाही, सरांना नाही, मलाही नाही. आणि ऑडिटरला त्या वाचायचा हक्क मीच दिला होता. गेटसमोर उभी राहून मी त्याला मेल लिहिला. तारीख, मशीन, माझी रजा. माझी चूकही. ती सगळ्यात वर. मेल गेला.

राजीनामा मी देणार नाही. काढायचं असेल तर कारण लिहा आणि खाली स्वतःच्या नावानं सही करा. माझ्या नावानं नाही. तोपर्यंत रोज साडेनऊला मी इथे येऊन कार्ड लावणार आहे. लाल दिवा लागू दे. त्याचीही नोंद होते.